धावायला कारण कशाला?

गेल्या काही वर्षांत सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक नवी बातमी चांगलीच रुळली आहे. कुठल्याशा रविवारी बर्लिनला, लंडनला किंवा न्यूयॉर्कला मॅरेथॉन होते आणि दोन-तीन दिवसांनी स्थानिक पानावर छायाचित्र येते. गळ्यात तबकडीएवढे पदक, खांद्यावर तिरंगा, चेहऱ्यावर दमलेले पण लहान मुलासारखे हसू. खाली मजकूर असतो, की शहरातल्या अमुक इतक्या धावपटूंनी बेचाळीस किलोमीटरची शर्यत यशस्वीरीत्या पूर्ण केली. हे धावपटू म्हणजे कोण? तर एक बालरोगतज्ज्ञ, एक चार्टर्ड अकाउंटंट, चाटी गल्लीतले एखादे कापडाचे व्यापारी, बँकेतल्या एक अधिकारी बाई. वय पंचेचाळीस ते साठ. यांतल्या बहुतेकांनी शाळेत कवायतीच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगितलेले असते! आता मात्र हीच मंडळी पहाटे साडेचारला उठून होटगी रस्त्याने, विजापूर रस्त्याने धावत सुटतात. कुत्री भुंकतात, दूधवाले हात करतात आणि आठच्या ठोक्याला डॉक्टर दवाखान्यात हजर असतात.

हे केवळ सोलापुरात घडते आहे असे नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडे धावणाऱ्यांचे गट झाले. साताऱ्याने तर २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरवून सगळ्या महाराष्ट्राला डोंगर चढायला लावले. दक्षिण आफ्रिकेतली 'कॉम्रेड्स' ही डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्गमधली नव्वदेक किलोमीटरची शर्यत, १९२१ पासून चालत आलेली. तिथेही मराठी माणसे दरवर्षी दिसतात. १८९३ मध्ये याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर गांधीजींना गाडीतून खाली उतरवले होते. तिथे आज आपल्याकडचा एखादा दंतवैद्य डर्बनहून पायी पोचतो, हीसुद्धा एक गंमतच.

या बातमीवर घरोघरी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली अर्थातच कौतुकाची. शाल, श्रीफळ, सत्कार, शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे. दुसरी जरा दबक्या आवाजात, चहाच्या टेबलावर. 'पैसे भरून पळायला जायचे, आणि पंचवीस हजारावा नंबर आला म्हणून सत्कार घ्यायचा!'

ही दुसरी प्रतिक्रिया निव्वळ मत्सराची आहे असे म्हणून उडवून लावता येणार नाही. हिशेब खरा आहे. न्यूयॉर्क-लंडनच्या शर्यतीत सोडतीने नंबर लागतो, आणि तो लागणे मोठ्या कठीण. लंडनच्या २०२६ च्या शर्यतीसाठी अकरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. सोडतीत नाव निघाले नाही तर हमखास प्रवेश देणाऱ्या सहल कंपन्या असतात, त्यांचा आकडा वेगळा. व्हिसा, विमान, हॉटेल, थंडीचे कपडे, सगळे धरून खर्च लाखांच्या घरात जातो. त्या पैशांत माण-सांगोल्याकडच्या एखाद्या पोराचे बूट, खुराक आणि शहरातल्या खोलीचे वर्षभराचे भाडे सहज निघाले असते. हे सगळे मान्य. पण स्वित्झर्लंडला जाऊन बर्फात फोटो काढून येणाऱ्यांना आपण हा हिशेब कधी विचारत नाही. त्यांच्याकडून चॉकलेटे घेतो आणि गप्प बसतो. मग चार महिने पहाटेची झोप मोडून, लग्नाच्या पंगतीत श्रीखंड नाकारून जो गेला, त्यालाच तेवढे चौकशीला का बसवायचे?

परदेशी जाऊन मॅरेथॉन धावण्याची आपली गोष्ट तशी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती सुरूही आपल्याच मुलखात होते. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावायला आलेली बरीचशी मुले शेतकऱ्यांची. पायांत काही नाही, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या! दोराबजी थक्क झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांनाही त्यांनी या प्रकरणात ओढले, पदरचे पैसे घातले, आणि पुढच्याच वर्षी सहा जणांचा चमू बोटीने निघाला. आधी इंग्लंडला सराव आणि मग बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक.

त्या सहांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. तेव्हा अंतर सगळीकडे सारखे नसे. अँटवर्पला ते ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन पहिले आले आणि फडेप्पा चौगुले एकोणिसावे. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. ज्याने जन्मात असली थंड हवा पाहिली नव्हती, ज्याच्या देशाने ऑलिंपिकला पहिल्यांदाच चमू धाडला होता, त्याने पहिल्या वीसांत यावे! त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही ही शर्यत धावले, पण त्यांना ती पुरी करता आली नाही. आज बर्लिनहून येणाऱ्या आपल्या डॉक्टरसाहेबांपैकी कितीजण २ तास ५० मिनिटांच्या आसपास असतील? सत्काराच्या भाषणात हे नाव मी अजून एकदाही ऐकलेले नाही. बेळगाव काही चंद्रावर नाही.

फडेप्पा चौगुले वेगाने धावत होते म्हणून त्यांना लोकांनी पाठवले. आजचे धावपटू स्वतःच्या पैशाने स्वतःला पाठवतात. हा फरक टोचणारा आहे खरा, पण तो आपल्या माणसांच्या श्रीमंतीमुळे पडलेला नाही. मॅरेथॉन ही चीजच मधल्या काळात बदलली.

ती कशी बदलली हे पाहायचे तर न्यूयॉर्कला जावे लागते. १९७० साली तिथली पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये झाली. १२७ जण धावले, एक डॉलर प्रवेश फी, त्याच बागेला फेऱ्यांवर फेऱ्या. पुरी केली ५५ जणांनी. फिरायला आलेल्यांपैकी कित्येकांना काय चालले आहे हेही कळले नसेल. या शर्यतीच्या मुळाशी होता फ्रेड लेबो नावाचा रुमानियातून आलेला एक निर्वासित. व्यवसाय? तयार कपड्यांचा! कापडाच्या धंद्यातला माणूस मॅरेथॉनचा जनक झाला, याची चादर-टॉवेलवाल्या सोलापूरने नोंद घ्यायला हरकत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने शर्यत बागेतून बाहेर काढून शहराच्या पाचही भागांतून न्यायची, अशी कल्पना पुढे आली. रस्ते बंद झाले, पूल बंद झाले. आणि लोक घरांतून बाहेर आले.

शर्यत बागेत होती तोवर ती धावणाऱ्यांची होती. रस्त्यावर आल्यावर ती शहराची झाली. आज न्यूयॉर्कला पन्नास हजारांहून अधिक माणसे ती पुरी करतात आणि लाखो लोक फुटपाथवर उभे असतात. छातीवरच्या कागदावर नाव वाचून अनोळखी माणसाला हाका मारतात. पोरे हात पुढे करून टाळ्या देतात. सुरुवातीला स्टॅटन बेटावर थंडीत तास-दोन तास ताटकळावे लागते. त्यासाठी लोक जुने कपडे अंगावर घालून येतात आणि शर्यत सुरू होताना तिथेच टाकून देतात. सोलापुरी चादर पांघरायला याहून चांगली जागा नाही. पण ती टाकून द्यायला कुणाचा हात धजेल!

लेबोला १९९० मध्ये मेंदूचा कर्करोग झाला. १९९२ साली, साठीला आल्यावर, त्याने स्वतःची ती शर्यत पाचही भागांतून पहिल्यांदा धावून पाहिली. शेजारी होती नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ. न्यूयॉर्क नऊ वेळा जिंकलेली, अडीच तासांत शर्यत उरकणारी. त्या दिवशी तिने त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकले आणि दोघे साडेपाच तासांनी पोचले. आता सांगा, पैसे भरून तुम्हाला लॉर्ड्सवर तेंडुलकरच्या जोडीला फलंदाजी करता आली असती का? विम्बल्डनला? मॅरेथॉनमध्ये मात्र जगज्जेता आणि जिल्हा परिषदेतला कारकून एकाच दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून जातात. म्हणून पंचवीस हजारावा नंबर हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही.

आता लंडनची गोष्ट. आपल्या क्लबवाल्यांनी ती नीट ध्यानात घ्यावी म्हणून जरा सविस्तर सांगतो. लंडनच्या रिचमंड भागात धावणाऱ्यांचा एक जुना क्लब होता. त्यातली काही मंडळी न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावून आली आणि क्लबच्या नेहमीच्या बैठकीत, पबमध्ये, तिथल्या गोष्टी सांगत सुटली. त्याच क्लबात ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ले होते. दोघेही जुने ऑलिंपिकपटू. ब्रॅशरने १९५६ ला मेलबर्नमध्ये स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकलेले, डिस्लेने १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. त्यांना वाटले, ही मंडळी एवढे काय सांगताहेत ते एकदा पाहूच. १९७९ मध्ये दोघे न्यूयॉर्कला गेले आणि धावून आले. परतल्यावर ब्रॅशरने 'ऑब्झर्व्हर'मध्ये लेख लिहिला. त्यातला सवाल असा, की हे लंडनमध्ये होऊ शकेल का? आपल्या शहराला तेवढे मन आहे का? मग पोलिसांच्या पायऱ्या, नगरपालिकेचे उंबरे, पुरस्कर्त्यांच्या मिनतवाऱ्या. २९ मार्च १९८१ रोजी, पावसात, पहिली लंडन मॅरेथॉन झाली. सात हजारांहून अधिक माणसे धावली. पहिले दोघे, एक अमेरिकन आणि एक नॉर्वेचा, हातात हात घालून रेषेपार गेले.

एका क्लबातल्या माणसांच्या परदेशवारीतून लंडन मॅरेथॉन उभी राहिली. पदके त्यांनीही आणली असतील. पण त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे रविवारी सकाळी बंद झालेला रस्ता.

आपली माणसे परत येतात तेव्हा त्यांच्या तोंडी काय असते? मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकतो. वेळ, वेग, बुटांची कंपनी, तिसाव्या किलोमीटरनंतर पायांतला जीव कसा गेला, विमानात शेंगाचटणी आणि कडक भाकरी कशी कामी आली, हे सगळे असतेच. पण आवाज बदलतो तो एकाच ठिकाणी. 'काय लोक आहेत हो! ओळख ना पाळख, रस्त्याच्या कडेला उभे राहून पाणी देतात, केळी देतात, पाय दुखला तर चोळून देतात. अख्खे शहर आपल्यासाठी उभे!'

हे ऐकताना मला हसू येते. कारण सोलापूरच्या माणसाने यासाठी बर्लिनला जावे आणि तिथे थक्क होऊन यावे, हे नवलच आहे. आपण दरवर्षी कोजागरीला काय करतो?

तुळजापूर सोलापुरापासून पंचेचाळीसेक किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडे जास्तच. दसऱ्यानंतर देवीची श्रमनिद्रा संपून पौर्णिमेला दर्शन असते, त्यासाठी सोलापुरातून लाखो माणसे रात्रभर चालत तुळजापूरला जातात. रूपाभवानीच्या देवळावरून पुढे, उळे, तामलवाडी करत. पोलीस वाहतूक वळवतात, रस्ता चालणाऱ्यांना मोकळा होतो. कॉलेजातली पोरे असतात, विडी कामगार बाया असतात, कर्नाटकातून आलेली कुटुंबे असतात, सत्तरीच्या आज्या असतात. कित्येक अनवाणी. रस्त्याच्या दोन्ही कडांना मंडळांचे मांडव. चहा, दूध, केळी, साबुदाण्याची खिचडी, पायाला लावायला मलम. कुणी कुणाला जात विचारत नाही, गाव विचारत नाही. आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हाही तेच. आळंदी-देहूच्या पालख्या तर आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला पोचतात. दमलेल्या परक्या माणसाला पाणी कसे द्यायचे हे या जिल्ह्याला बर्लिनकडून शिकायचे नाही.

यावर कुणी म्हणेल, देवीच्या वारीची आणि शर्यतीची तुलना करू नका. नाही करत. श्रद्धेचा प्रश्न वेगळा, तो ज्याचा त्याच्यापाशी. मी फक्त रस्ता, पाणी आणि माणसे यांबद्दल बोलतो आहे. ही तिन्ही आपल्याकडे आहेत. मग अडते कुठे?

अडते ते कारणापाशी. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या अंग हलवण्याला कारण लागते. ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. बँकेत नोकरी, मुलगा इंजिनिअरिंगला, वय सेहेचाळीस. एका सकाळी बूट घालून त्या कॉलनीबाहेर धावायला निघाल्या. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, 'काय वो वैनी, शुगर निघाली का काय?' दुसऱ्या आठवड्यात दुसरीने विचारले, 'नवस बोललाव का?' आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून एक आवाज आला, 'ह्या वयात भरतीला उतरताय का वो?' रोग, नवस आणि भरती. झाली की यादी! पहाटे आपल्या मैदानांवर आणि रस्त्यांवर खरे वेगाने धावतात ती पोलीस भरतीची पोरेपोरीच. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. भरती झाली की धावणे संपले. नाही झाली तरी संपलेच.

या बाई पुढे बर्लिनला धावल्या. साडेपाच तास लागले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते मला पदकापेक्षा मोलाचे वाटले. 'साडेपाच तासांत एकाही माणसाने मला का धावतेस म्हणून विचारले नाही.'

कोजागरीच्या रात्री याच बाई बहिणीबरोबर तुळजापूरला पंचेचाळीस किलोमीटर चालून गेल्या असत्या, तर कॉलनीने त्यांच्या पाया पडून प्रसाद मागितला असता. रात्रीची वेळ, गर्दीचा रस्ता, अनवाणी पाय, कशालाच कुणी हरकत घेतली नसती. सकाळी सहा वाजता सात रस्त्यावरून पाच किलोमीटर धावायचे म्हटले, की मात्र सून, सासू, शेजार आणि पानटपरी, सगळ्यांना उत्तर द्यायचे. आपल्याला लता करे आठवतात. २०१४ साली बारामतीत नऊवारी नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून धावल्या. आपण गहिवरलो, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. गहिवरण्यासारखेच होते ते. पण समजा, त्यांना नुसतेच धावावेसे वाटले असते तर? नवरा ठणठणीत, घरात पैसा, आणि साठी ओलांडलेली बाई केवळ मजा म्हणून रस्त्यावर! आपण गहिवरलो असतो की हसलो असतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरात शोधावे.

पाश्चात्त्यांकडे हे सगळे पहिल्यापासून होते असे मात्र कुणी समजू नये. १९६७ मध्ये बोस्टनला कॅथरिन स्विट्झर नावाच्या मुलीने नुसत्या आद्याक्षरांनी नाव नोंदवून २६१ नंबर घेतला, तर भर शर्यतीत एका पदाधिकाऱ्याने धावत येऊन तिचा नंबर फाडायचा प्रयत्न केला! बायकांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ ला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी वेगळे धावावे, असा फतवा निघाला. तेव्हा सहा जणी सुरुवातीच्या रेषेवरच खाली बसून राहिल्या. दहा मिनिटे झाली, पुरुष निघाले, त्यांच्याबरोबर उठून धावल्या. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडले. म्हणजे तिथेही कारण विचारणारे होते. बायकांनी रस्त्यावर येऊन ते प्रश्न बंद पाडले.

म्हणून परदेशी जाणाऱ्या क्लबवाल्यांना माझे सांगणे एवढेच, की जा, जरूर जा. बर्लिन सोयीची. ती सप्टेंबरअखेर असते, सराव पावसाळ्यात होतो, आणि सोलापूरचा पावसाळा म्हणजे बहुतेक दिवस नुसते आभाळ. धावायला झकास! लंडनच्या वाटेला विचार करून जा. ती एप्रिलमध्ये, म्हणजे शेवटचे लांब सराव आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात येतात. पण परत आल्यावर महापालिकेकडे सत्कार मागण्याऐवजी रस्ता मागा.

आपल्याकडे स्पर्धा होत नाहीत असे नाही. सोलापुरातही होतात, टी-शर्ट मिळतात, पदके मिळतात. पण त्यांचा थाट बघा. झेंडा दाखवायला येणारे प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा, तोवर धावणारे गारठून किंवा तापून गेलेले. व्यासपीठ भले मोठे, पाण्याचे टेबल लहान. एका बाजूने शर्यत आणि दुसऱ्या बाजूने रिक्षा, टेम्पो, सिटी बस. आणि पहिले तीन नंबर आले की बक्षीस समारंभ सुरू. मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागतो. मागून येणाऱ्या बाई पोचतात तेव्हा शेवटच्या रेषेची कमानही उतरवलेली असते. न्यूयॉर्कला अंधार पडल्यावरही शेवटच्या माणसासाठी टाळ्या वाजवणारे थांबतात. तिकडे जाऊन आलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. इथे संयोजकांच्या बैठकीत त्यांनी ते बोलून दाखवले पाहिजे.

आणखी एक. माण तालुका आपल्या माळशिरसला लागून. तिथल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ पहिल्या आल्या आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या. बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात गेले आणि तिथे खऱ्या अर्थाने धावपटू झाले. २०२० ला दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन एका तासाच्या वर अवघ्या तीस सेकंदांत संपवली. असली मुले आपल्या जिल्ह्यातही भरतीच्या मैदानावर दिसतात. परदेशी निघालेल्या दहा जणांनी मिळून अशा एकाचा वर्षाचा खर्च उचलला, तर कुणाच्या हॉटेलचा एक तारा कमी होईल इतकेच. दोराबजी टाटांनी तेच केले होते, मोठ्या प्रमाणावर.

बाकी जुळवाजुळव अवघड नाही. डिसेंबर किंवा जानेवारीतला एक रविवार. त्यानंतर सोलापूरचे ऊन कुणाचे ऐकत नाही. पहाटे साडेपाचला सुरुवात, पाहुणे आलेले असोत वा नसोत. तुळजापूर रस्त्याची एक बाजू पाच तास बंद, वाहतूक कशी वळवायची हे आपल्या पोलिसांना पाठ आहे. शेवटची रेषा साडेदहापर्यंत उघडी, कमान तशीच, दोन माणसे टाळ्या वाजवायला. आणि पाण्याच्या टेबलांसाठी कोजागरीला मांडव घालणाऱ्या मंडळांना नुसता निरोप धाडायचा.